परतीचं भाडं

जर्मनीतल्या गिऱ्हाइकाने साफ सांगितलं, सॅक्सोफोन घेईन, पण कस्टमची फी विकणाऱ्यानेच भरायची. पपांचा सॅक्सोफोन विकायला काढलेला लिनोही इरेला पेटला, छदामही देणार नाही. पार्सल पंधरा दिवस कस्टममध्ये पडून राहिलं आणि इकडे पपा रोज खुलत चालले. चाळीस वर्षं कोलशेतच्या लग्नांत वाजवलेलं वाद्य त्यांना विकायचंच नव्हतं. “अजिबात भरू नको. त्याने नाकारलं की घरी येईल,” ते म्हणायचे. पाठवताना गुपचूप काढून ठेवलेलं माउथपीस त्यांच्या खिशात होतं. आज कुरियरवाल्याचा फोन आला. “नाकारलं त्याने!” लिनो फोन कानाला लावूनच ओरडला. पपा लगबगीने माउथपीस पुसायला बसले. फोनवरचा माणूस पुढे म्हणाला, “तुम्ही सांगितल्याप्रमाणे तिकडेच नष्ट केलं, सर.” परतीचं भाडं वाचवायला लिनोनेच पार्सल पाठवताना कुरियरच्या फॉर्मवर तशी खूण केलेली. “कधी येतंय रे?” पपांनी विचारलं आणि माउथपीस ओठांना लावून फुंकलं.