दुभाषी

चौकीत डोंगरातल्या लोकांची भाषा येणारी ती एकटीच, कारण तिचा जन्मच त्या लोकांतला. म्हणून साहेबांनी तिला दुभाषी म्हणून ठेवलं होतं. आज समोरच्या बाकावर तिचा सख्खा मामा होता. नातं मात्र तिने ओठांवर येऊ दिलं नाही.

"विचार याला, बंडखोरांना जेवायला कोणी घातलं?"

मामा आपल्या भाषेत सरळ म्हणाला, "मीच घातलं. दारात बंदूक उभी राहिली की कोण नाही म्हणेल? तुमच्या शिपायांनी कोंबड्या नेल्या, तेव्हा तरी मी कुठे नाही म्हणालो?"

ती साहेबांकडे वळली. "म्हणतायत, त्यांच्या दारात कोणी आलंच नाही."

साहेबांनी मामाच्या सुरकुतलेल्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं. "जाऊ दे म्हाताऱ्याला."

तिचा जीव भांड्यात पडला. मामाला फाटकापर्यंत पोचवून ती डोळे पुसत आत आली.

आठवडाही उलटला नाही, तोच मामी चौकीत आली. एकटीच. बंडखोरांनी मामाला अंगणातच गोळी घातली होती. चौकीतून अंगावर ओरखडाही न उठता परत आला, म्हणजे फितूर झालाच, असं म्हणाले होते.

साहेब हळहळले. "विचार, आम्ही काय करू त्यांच्यासाठी?"

तिने विचारलं. मामीने पदराने तोंड पुसलं.

"आता काय करणार, पोरी? एवढंच सांग तुझ्या साहेबांना, सोडायचंच होतं तर आधी चार फटके तरी मारायचे होते."