जुना ब्रॉथ

काळा पडदा ओढून ती अंधाऱ्या खोलीत उभी राहिली. डोळे सरावले, तरी फ्लास्क काही उजळेना. आत ब्रॉथमध्ये, म्हणजे जिवाणू वाढवायच्या पोषक द्रवात, समुद्रातले जिवाणू होते, प्रकाश देणारे. निदान ख्याती तरी तशी होती.

ती पुरती थकली होती. घरी अंथरुणाला खिळलेली आई आणि इथे हा काळोख. दोन डगरींवर उभं राहून पाय भरून आले होते. आईसाठी नोकरी सोडायची, आज संध्याकाळीच साहेबांना सांगायचं, हे तिने ठरवून टाकलं होतं.

"ब्रॉथ कधी बदललास?" काकूंनी विचारलं. त्या वयाने मोठ्या, म्हणून सगळी प्रयोगशाळा त्यांना काकू म्हणे.

"रोज बदलते. जिवाणू तेच, ब्रॉथ ताजा. घाणीत कशाला ठेवू त्यांना?"

काकूंनी कपाळाला हात लावला. "अगं बाई! प्रत्येक जिवाणू त्या ब्रॉथमध्ये एक द्रव्य सोडतो. ती त्याची हाक. हाका पुरेशा साठल्या की त्यांना कळतं, आपण पुष्कळ आहोत. मगच उजेडाचं जनुक जागं होतं. एकट्याने जळून काय उपयोग? आणि तू त्यांच्या हाका रोज बेसिनमध्ये ओततेस!"

कालचा ब्रॉथ अजून टाकायचा राहिला होता. काकूंनी तो गाळून फ्लास्कमध्ये घातला. "आता बस गप. लगेच नाही होत."

ती बाहेर येऊन बसली. फोन काढून भावाला लिहिलं, 'दादा, आईचं मला एकटीला झेपत नाही. येशील?' हे ती रोज लिहायची आणि रोज पुसायची. त्याला त्याचा संसार, उगाच कशाला त्रास! ताकाला जाऊन भांडं लपवायची तिची जुनीच खोड.

आजही बोट पुसायला गेलं. मग बेसिन आठवलं. तिने मेसेज पाठवून दिला.

बऱ्याच वेळाने काकूंनी पडद्याआडून बोलावलं. फ्लास्कच्या पोटात निळसर उजेड पसरत होता. तिला रडू फुटलं. तेवढ्यात हातातला फोन उजळला.

"बंद कर तो! डोळे दिपतात," काकू ओरडल्या.

तिने आधी वाचलं.

'निघालो. रोज बघत बसायचो गं, तू किती वेळ काहीतरी टाइप करतेयस. आणि शेवटी यायचं काय, तर "सगळं ठीक".'