पोटातली थंडी

"थंडी शिरलीय हिच्या पोटात, दुसरं काय!" बुरुलआपा सुनेकडे बोट करून डॉक्टरीणबाईंना म्हणाली. "बर्फाच्या ओढ्यात अनवाणी उभी राहून लोकर धुते. सांगून सांगून माझं तोंड दुखलं."

"आपा, तिला बोलू दे की. पाळीत रक्ताच्या गाठी केवढ्या पडतात गं?"

जीपारने मान आणखी खाली घातली. सासूसमोर सुनेने तोंड उघडायचं नसतं, म्हणून बुरुलच बोलली. "जर्दाळूएवढ्या! आठ-आठ दिवस. उठून उभी राहिली की भोवळ."

बुरुलने काय करायचं बाकी ठेवलं होतं? मेंढीच्या चरबीचं सूप पाजलं, गरम मिठाच्या पुरचुंडीने पोट शेकलं, पिराच्या झाडाला चिंध्या बांधल्या. पाच वर्षं झाली, कशाचा म्हणून गुण येईना. धाकटा मुलगा एलदार, जीपारचा नवरा, दर हिवाळ्यात रशियातल्या कामावरून घरी येई. यंदा जाताना म्हणाला, "आई, मूलच नाही तर येऊ कशाला?" तेव्हापासून म्हातारीच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

"आधी मूल झालंय?"

"झालंय की! आयदाय. शाळेत जाते आता. माझ्या थोरल्या सुनेची कूस उजवेना, म्हणून चाळीस दिवसांची झाल्यावर तिच्या ओटीत घातली. रीतच आहे आपली. पण हिने हूं की चूं केलं नाही हो. गुणाची पोर!"

बाईंनी कारणं बोटांवर मोजली. गर्भाशयात मांसाचे गोळे असतील, थायरॉइड असेल, नाहीतर रक्तातच दोष. मग जीपारच्या पोटावर यंत्र फिरवलं आणि मध्येच थांबल्या.

"आपा, आत तांबी आहे. हिच्यामुळे कुणाकुणाला असं रक्त जातं. आणि मूल कुठून राहणार?"

"अगं बाई! मेल्यांनी बाळंतपणातच न विचारता बसवली असणार. काढा! आत्ताच्या आत्ता काढा!"

बुरुलला रडू फुटलं. पाच वर्षं पोरीने फुकटच सोसलं, आणि आपण बसलो मिठाने पोट शेकत. तिने जीपारचा गार हात घट्ट धरला.

जीपारने तो हळूच सोडवून घेतला. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच तिने मान वर करून सासूच्या डोळ्यांत पाहिलं.

"काढू नका," ती म्हणाली. "आयदाय मला काकू म्हणायला लागली, त्याच आठवड्यात मीच बसवून घेतली."