धाकट्याची रेकॉर्ड

सन २०१७. त्या वर्षी मार्चमध्ये जपानहून एक चपटं खोकं आलं, आणि ते उघडण्याआधी बाईंनी हात धुतले. रेडिओच्या रेकॉर्ड-संग्रहात चौतीस वर्षं काढलेल्या माणसाची खोड. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली तरी ती गेली नव्हती.

खोक्यात तीन रेकॉर्डी होत्या. दोन धाकट्याच्या ओळखीच्या बँडच्या, तिसरी त्याच्या स्वतःच्या. दिवसा तो तिकडे एका कंपनीत कॉम्प्युटरवर बसायचा आणि संध्याकाळी तीन जपानी पोरांबरोबर बास गिटार वाजवायचा. 'आई, हल्ली इकडे काय चाललंय ते ऐक,' असं त्याने चिठ्ठीत लिहिलं होतं. 'जॅझ आणि रॉक एकाच भांड्यात घालून ढवळलंय. गाणारं कोणी नाही, तेव्हा भाषेची अडचण नाही.'

बाईंनी पहिली लावली आणि त्या उभ्याच राहिल्या. सात मात्रांचं काहीतरी चाललं होतं, मध्येच पाच झाल्या, सॅक्सोफोन पियानोच्या मागे लागला, आणि सगळे धापा टाकत एकदम समेवर आले. त्र्याहत्तराव्या वर्षी बाई एकट्याच मोठ्याने हसल्या. जन्मभर रेकॉर्डी पुसल्या, आणि असलं काही असतं हे कोणी सांगितलं नाही! दुसरी त्याहून द्वाड. एकेक तुकडा पाव तासाचा, पण कंटाळा म्हणून नाही.

मग त्यांनी धाकट्याची लावली.

ती संथ होती. ड्रमचे ठोके ओली गोणी आपटावी तसे पडत होते. त्याची बास गिटार तर कोरड्या विहिरीच्या तळातून कोणी हाक मारावी तशी. बाजू संपून सुई वर आली तरी बाई बसूनच होत्या. बाकीची पोरं बागडतायत आणि आपलंच पोर एकटं कोपऱ्यात रडतंय, असं त्यांना वाटलं.

"कशी वाटली?" रविवारी धाकट्याने फोनवर विचारलं.

"तुला तिकडे काय दुःख आहे?"

"दुःख? आई, इतका मजेत मी कधीच नव्हतो."

"मला शिकवू नकोस. चौतीस वर्षं ऐकण्याचाच पगार घेतलाय मी."

तो हसला. ते हसणंही बाईंना ओढूनताणून आणलेलं वाटलं. मग त्याने सांगितलं, सप्टेंबरात दौरा आहे, बारा शहरं, आणि त्यासाठी तो नोकरी सोडतोय.

मोठी लेक घरी आली तेव्हा त्यांनी विषय काढला. "ऐकलंस का त्याचं?"

"मोबाइलवर ऐकलं. अगं, कसली धांदल! शाळा सुटल्यावर पोरं दारातून बाहेर पडतात ना, तसं."

"धांदल? माझ्या पोटात कालवतं ते ऐकून."

"त्याला सर्दी झाली तरी तुझ्या पोटात कालवतं. लाडोबा आहे तुझा."

"तुला कानच नाहीत."

"बरं बाई, नाहीत. पण त्याला राहू दे तिथे."

बाईंनी राहू दिलं नाही. दर रविवारी तेच. परत ये, इथे काय कमी आहे, एकट्याने झुरू नकोस. "बोलावू नकोस ना गं," तो एकदा काकुळतीला येऊन म्हणाला. "आयुष्यात हे एकच मला नीट जमतंय."

ऑगस्टात शेवटी बाईंनी सांगितलं, की डॉक्टरांना हृदयाचा ठोका चुकताना दिसलाय. डॉक्टर म्हणाले होते ते इतकंच, की वय झालं, जिने सावकाश चढा. खोटं बोलताना बाईंचा आवाज कापला नाही. बुडणाऱ्याला केसांना धरूनही ओढतात, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

आठव्या दिवशी धाकटा दारात होता. बॅग ठेवून त्याने आधी आईला निरखलं, मग खोली पाहिली. प्लेअरपाशी जरा रेंगाळला. रेकॉर्ड वरच होती.

"ऐकतेस वाटतं?"

"रोज."

तो काही बोलला नाही. हातपाय धुवायला गेला.

पुढे ज्याचं त्याचं झालं. त्या तिघांनी दुसरा बासवाला घेतला. दौरा झाला, मागाहून युरोपही झालं. मोठीला बढती मिळून ती दुसऱ्या शहरात गेली. धाकट्याने एका विमा कचेरीत कॉम्प्युटर सांभाळायचं काम धरलं. गिटार कपाटावर चढली ती उतरली नाही. बाई ऐंशीच्या झाल्या, अगदी खणखणीत. रविवारी दुपारी त्या ती रेकॉर्ड लावायच्या आणि धाकटा शेजारी डोळे मिटून बसायचा. पोराला वेळेवर ओढून आणलं, याचं त्यांना समाधान होतं. त्या खोट्याचा खडा मात्र रोज टोचायचा.

सातव्या वर्षी प्लेअरचा पट्टा तुटला. दुरुस्तीवाला घरी आला, नवा पट्टा घातला, आणि रेकॉर्डचं कव्हर उलटसुलट करून पाहू लागला.

"बाई, ही मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांच्या वेगाची आहे. तुमचं बटण तेहतीसवर."

"मोठी रेकॉर्ड तेहतीसचीच असते," बाई म्हणाल्या. "पंचेचाळीसच्या त्या लहान, बशीएवढ्या."

"तुमच्या वेळी. हल्ली मोठ्याही काढतात, आवाज खुलतो म्हणून. हा बघा आकडा, कोपऱ्यात, मुंगीएवढा."

त्याने बटण फिरवून सुई टेकवली. चार दोस्त एकमेकांना टाळ्या देत जिना उतरावेत, तसं काहीतरी खोलीत शिरलं. आणि सगळ्यांच्या पुढे, दोन-दोन पायऱ्या गाळत, बास गिटार.

बाईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला. धाकटा दारात कधी येऊन उभा राहिला ते त्यांना कळलं नाही. तो पुढे आला आणि त्याने बटण हळूच मागे फिरवलं.

"असू दे ना आई, तेहतीसवरच," तो म्हणाला. "आलो त्याच दिवशी बटण पाहिलं होतं मी. तेव्हा काही बोललो का?"