पाईपासमोरची पाटी

डेल्बर्ट सकाळपासून घराखाली आहे. म्हणजे खरंच घराखाली, उताणा, पायऱ्यांशेजारच्या भोकातून बाहेर दिसतात ते फक्त त्याचे बूट, आणि आतून पकडीची करकर. घर ट्रेलरचं, विटांवर टेकवलेलं, खाली सगळं मोकळं, आणि ओहायोत आज रात्री पाणी गोठणार म्हणून रेडिओ सारखा कोकलतोय. मागच्या हिवाळ्यात पाईप फुटला, तेव्हा त्याच्या बायकोने, व्हर्नाने, पातेल्यात बर्फ वितळवून ते पाणी संडासात ओतलं होतं, आठवडेच्या आठवडे. म्हणून हा खालची फट बंद करतोय. पत्र्यांना पैसे आणणार कुठून? नव्या मालकाने जागेचं भाडंच एवढं वाढवलंय. मग निवडणुकीच्या पाट्या! प्लास्टिकच्या, आतून पोकळ, वारा मस्त अडवतात. मतदान झालं की लोक अंगणातून उपटून फेकतात आणि हा गोळा करतो. लाल, निळ्या, सगळ्या.

"कारखाना परत आणतो म्हणणारा अजून टिकलाय," तो खालून म्हणाला. "औषधं स्वस्त करतो म्हणणारा मात्र पहिल्याच थंडीत तडकला."

आणि नेमकी एक पाटी कमी पडली, तीही पाईपासमोर. तेवढ्यात हॅडली आली. कॉलेजातली पोरगी, थंडीने नाक लाल, प्रचाराला दारोदार फिरणारी, काखेत नवीकोरी पाटी. सिनेटला उभ्या राहिलेल्या प्रुएटची, हा एवढा हसरा फोटो. ती पाठ केलेलं धडाधड बोलत सुटली, नोकऱ्या, कष्टकरी माणूस, बदल. व्हर्नाचं सगळं लक्ष पाटीकडे. ही आम्हाला मिळेल का, तिने मध्येच विचारलं. हॅडली म्हणाली, मिळेल की, पण प्रुएटला मत देणाऱ्यांनाच, आणि रस्त्यावरून दिसेल अशी लावायची.

"मी आता मत देत नाही, बाळा," व्हर्ना म्हणाली.

हॅडलीने पाटी परत काखेत घेतली. तिलाच कसंतरी झालं, पण काय करणार.

"अगं, हो म्हण ना," खालून आवाज आला. "हो म्हणायला काय पैसे पडतात?"

"चाळीस वर्षं हो म्हणत आले, डेल. बघ, कुठे आहेस तू."

पकड थांबली. खालून नुसता खोकला आला, ओल्या मातीतला.

व्हर्नाने स्वेटरच्या बाह्या बोटांवर ओढल्या.

"लिही," ती म्हणाली. "हो म्हणून लिही."

हॅडलीने फोनवर टिचकी मारली आणि पाटी भोकातून आत सरकवली. डेल्बर्टने ती पाईपासमोर उभी केली, चेहरा रस्त्याकडे, चारी कोपरे तारेने आवळले. फट बंद! आता फक्त फोटो. तो पाठवल्याशिवाय हॅडलीची आजची मजुरी धरत नाहीत, आणि कॉलेजचं कर्ज तिच्याही डोक्यावर आहेच. ती खडीवर गुडघे टेकून बसली, फोन आडवा धरला, उभा धरला, थोडी मागे सरकली. मग जरा अवघडूनच म्हणाली,

"काका, तुमचे बूट येतायत फोटोत. जरा आत घेता?"

खडी करकरली, आणि बूट आत गेले.