एका घरातला एकच

"पाय ठेवायला जागा नाही स्वयंपाकघरात, आणि ही अजून एक शेगडी घेऊन आली," द्रौपदीबाई पोळपाटाकडे बघत पुटपुटल्या. आवाज पोळपाटापुरताच होता, पण सून हाताच्या अंतरावर उभी होती.

एकाच बर्नरची ती शेगडी आणि दोन लहान पातेली यशोधराने रविवारी उल्हासनगरहून आणली होती. सगळं ओट्याखाली सरकवून तिने भाजी परतायला घेतली.

अंबरनाथच्या औषधांच्या कंपनीत ती पॅकिंगला लागली तेव्हा तिचं लग्नही झालं नव्हतं. पुढे मशीनवर आली, मग अख्ख्या लाइनची सुपरवायझर झाली. लॉकडाउनमध्ये नवऱ्याचं, मिलिंदचं, मोबाइलचं दुकान बसलं, तेव्हा त्याला स्टोअरला घ्या म्हणून साहेबांकडे शब्दही तिनेच टाकला. तेव्हापासून दोघं बदलापूरहून एकाच स्कूटरवर जात. बिल्डिंगमधल्या बायका म्हणत, जोडा कसा शोभून दिसतो. हेल्मेट एकच होतं आणि ते चालवणाऱ्याच्या डोक्यावर असे.

यंदा परदेशच्या ऑर्डरी आटल्या. कंपनीने जाहीर केलं की आम्ही कोणाला काढणार नाही. फक्त ज्या घरातले दोघं कामाला आहेत, त्यातला एकच राहील. कोण राहणार ते ज्याचं त्याने घरी ठरवावं, कंपनी त्यात पडणार नाही. महिनाअखेरीपर्यंत दोघांनी मिळून ऑफिसात येऊन सांगायचं.

आणि कंपनी खरंच पडली नाही. ठरायचं ते घरोघर आपसूक ठरलं. स्टोअरमधला कैलास राहिला, त्याची बायको घरी बसली. एक भाऊ-बहीण होते, बहीण गेली. एक मायलेक होते, आई गेली. मुलाला लागून वर्षही झालं नव्हतं. ऑफिसातल्या भावना मॅडम प्रत्येकीला विचारत, "स्वखुशीने ना?" आणि प्रत्येकजणी मान हलवी.

मिलिंदच्या घरात मात्र विषयच निघेना. मिलिंद जेवताना दोनदा "बघू या" म्हणाला आणि दोन्ही वेळा पुढे ताक मागून घेतलं. द्रौपदीबाईंना एकदम सुनेच्या टाचा दिसू लागल्या. दिवसभर उभं राहून बाईमाणसाची हाडं कशी जातात, हे त्या शेजारणीला सांगत, दार उघडं ठेवून. नाशिकला नर्सिंग शिकणाऱ्या यशोधरा-मिलिंदच्या लेकीने तेवढं फोनवर सरळ विचारलं. यशोधराने तिला हॉस्टेलच्या जेवणाचं विचारलं.

ती भांडली असती तर मिलिंदला सोपं गेलं असतं. माणूस वाईट नव्हता. कुणीतरी तोंड उघडायची वाट बघत होता, इतकंच.

शेगडीचं कोडं शेवटी द्रौपदीबाईंनीच सोडवलं. यशोधरा दोन-तीन संध्याकाळी उशिरा आली होती. कंपनीला लागूनच मोरिवलीत तिच्या लाइनवरची वेणू राहायची, नवऱ्यामागे एकटी. तिच्याकडे गेले होते म्हणाली. द्रौपदीबाईंनी हिशेब जुळवला. सून घरबसल्या डबे सुरू करतेय. वेणूच्या ओळखीने तिथलीच गिऱ्हाइकं धरतेय. हुशार आहे.

दुपारपर्यंत ही बातमी मजलाभर झाली. कुरकुर तिथेच थांबली. द्रौपदीबाईंनी आपल्या लोणच्याच्या बरण्या स्वतः हलवून ओट्याखाली जागा केली. डब्यात मेथी देऊ नकोस, वास धरतो, असा सल्लाही दिला. यशोधरा "बरं आई" म्हणाली.

मग तिने घर आवरायला काढलं. सगळे डबे घासले. सासूची नजर अधू, म्हणून प्रत्येकावर मोठ्या अक्षरांत नाव लिहिलं. बीपीच्या गोळ्या सकाळ-संध्याकाळच्या वेगळ्या केल्या. गॅसचा नंबर मिलिंदच्या मोबाइलवर घालून दिला. एका रविवारी त्याला शेजारी उभं करून पिठलं शिकवलं. मिलिंदला वाटलं, धंद्यात हात लागणार म्हणून चाललंय.

"पगार किती देणार, शेठाणी?" त्याने विचारलं.

ती खूप दिवसांनी हसली. पिठलं चाखून म्हणाली, मीठ कमी आहे, हाताला अंदाज यायला वेळ लागतो. तो म्हणाला, आपल्याला काय घाई आहे?

महिनाअखेरीला दोघं ऑफिसात गेले. भावना मॅडमनी खुर्च्या दिल्या, पाणी मागवलं. बायका अशा वेळी रडतात, हे त्यांना आता ठाऊक झालं होतं.

"मग? काय ठरलं घरी?"

मिलिंद भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिला. "तसं बोलणं काही झालं नाही, मॅडम," तो म्हणाला. "पण ती समजूतदार आहे."

भावना मॅडम यशोधराकडे वळल्या. आवाज शक्य तेवढा मऊ करून त्यांनी विचारलं, "ताई, तुमच्याच तोंडून ऐकू दे. कोण राहतंय?"

"दोघंही," यशोधरा म्हणाली. "नियम एका घरातला एकच असा आहे ना? माझा पत्ता बदलून घ्या, मॅडम. वेणूच्या मागची खोली मी भाड्याने घेतलीय. ह्यांचं घर बदलापूरला, माझं मोरिवलीला."