जाहीरनाम्याचं बारावं कलम

“चौथं कलम सांग बघू,” अबू रुदैना म्हणाला.

“नदीचं पाणी जनतेचं. ते कुणालाही विकता येणार नाही,” मुहन्नदने पटकन सांगितलं.

बैठकीतले सगळे त्याच्याकडे बघायला लागले. मुहन्नदच्या घरची माणसं अबू रुदैनाच्या मुलीला, रुदैनाला, मागणी घालायला सल्त गावी आली होती. मेहेरच्या रकमेची बोलणी सुरू होणार, तेवढ्यात होणाऱ्या सासऱ्याला खूश करायला म्हणून मुहन्नदने अरब पहाट पक्षाचा विषय काढला आणि सगळंच बिघडलं.

अबू रुदैना त्या पक्षाचा सरचिटणीस. बंदी आली तेव्हा जाहीरनाम्याची प्रत न् प्रत त्याने स्वतःच्या हाताने चुलीत घातली होती. पक्षापायी वाळवंटातला तुरुंगही भोगला होता. पुढे बंदी उठली, पण तोवर पक्ष दोनदा फुटला होता. पुन्हा छापायचं कुणासाठी? आता जाहीरनामा तीनच डोक्यांत उरला होता. त्याच्या, आणि शेजारी बसलेल्या दर्वीश आणि अबू शिहाब या जुन्या सहकाऱ्यांच्या. आणि हा सरकारी पाणी खात्यातला पोरगा तो घडाघडा म्हणून दाखवत होता.

दर्वीश अबू रुदैनाच्या कानाशी लागला. “पूर्वी नुसती पाळत ठेवायचे. आता जावई करून पाठवतात!”

“आणखी किती येतात रे तुला?” अबू रुदैनाने गोड आवाजात विचारलं.

“बाराच्या बारा पाठ आहेत, काका.”

अबू रुदैना हसला. सापडला!

“कलमं अकराच आहेत, पोरा. तुझ्या साहेबांना जाऊन सांग, नक्कल चुकली म्हणावं.”

मुहन्नदचा चेहरा उतरला. त्याचे चुलते उठायच्या बेतात होते. इतक्यात रुदैना आतून बाहेर आली.

“त्याला कुणी पाठवलेलं नाही, बाबा. मीच शिकवलं. म्हटलं, तुम्हाला बरं वाटेल.”

“तू? तुला कुठून माहीत?”

“दर गुरुवारी तुम्ही तिघं त्याच अकरा कलमांवर भांडता. चहा कोण आणून देतं?”

म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. तिला कधी कुणी बस म्हटल्याचं एकालाही आठवेना.

“मग हे बारावं कुठून आलं?” अबू रुदैनाने विचारलं.

“ते माझं आहे.” रुदैना म्हणाली. “सभासदाला मुलगा नसेल, तर पक्ष बुडाला म्हणून रडत बसू नये. मुलीला विचारावं.”

अबू रुदैनाने घसा खाकरला, पक्षाच्या बैठकीत खाकरायचा तसा.

“बाराव्या कलमाच्या बाजूने कोण?”

दर्वीशचा हात वर गेला. अबू शिहाबचा गेला. अबू रुदैनाने स्वतःचाही वर केला. मुहन्नदनेही घाईघाईने हात वर केला.

“तू हात खाली घे,” अबू रुदैना त्याच्यावर खेकसला. “तू अजून घरचा झालेला नाहीस.”